उसना अंगठा

मावशीचा उजवा अंगठा मी माझ्या हातात धरला, ओढणीने पुसला आणि यंत्राच्या काचेवर टेकवला. हिरवा दिवा लागला. "आला बाई एकदाचा," मी म्हणाले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढे जे झालं त्याबद्दल मला बऱ्याच जणांचा राग आहे आणि त्या सगळ्यांपर्यंत मी येणार आहे. पण तो अंगठा मी धरला होता, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी कंत्राटी ऑपरेटर होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की एका दवाखान्याची चौकशी लागते आणि बाकी सगळे सुटतात. तिथे नवीन प्रकल्प आला होता, रुग्णांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवायचा. आम्हाला शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. त्याने फळ्यावर चौकोन काढले आणि ते साखळीने जोडले. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण असते, म्हणाला. अख्ख्या साखळीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. मधली एक नोंद कुणी बदलली तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि बाकीच्या प्रती लगेच बोंब मारतात. एकदा लिहिलं ते लिहिलं. मंत्र्यालाही खोडता येणार नाही.

बाकीचे चहाची वाट बघत होते. मी मात्र टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

त्याला कारण होतं. माझ्या पाठचा भाऊ जन्मला तो जिवंत राहिला नाही. आईला भर दुपारी दवाखान्यात नेलं होतं. ओसरीवर बसवून ठेवलं. दिवस कलेपर्यंत तिला कुणी आत घेतलं नाही. नंतर बाबांनी वही बघायला मागितली, तर तीत आईच्या येण्याची वेळ संध्याकाळची होती. खालचा आकडा ब्लेडने खरवडला होता. पान उजेडाकडे धरलं की तेवढीच जागा पातळ दिसायची. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण गावात त्यांची ओळख पत्रकवाले अशी. त्यांनी त्या पातळ जागेवर पत्रक काढलं. हातपंपाच्या पाण्यावर पत्रक, अडलेल्या शिष्यवृत्तीवर पत्रक, स्मशानाच्या वाटेवर पत्रक. मी अक्षरं शिकले ती दुकानात टायरांच्या मागे ठेवलेल्या त्या गठ्ठ्यांवर. आपल्याविषयी कुणी लिहीत नाही आणि लिहिलंच तर सोयीनं खोडतं, हे ऐकत मी मोठी झाले.

म्हणून ब्लॉकचेन मला माझ्या बाजूची वाटली. मी स्वतः पत्रक लिहिलं. मथळा होता, "आता वही खरवडता येणार नाही". विहारात वाटलं, बाजारात वाटलं, दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलं. बाबांनी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारून घेतली आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पण लिहिणारा चुकला तर काय करायचं, ते न्हाई लिहिलंस." मी म्हणाले, "पुढच्या पत्रकात लिहीन."

आता अंगठ्याचं सांगते.

मावशी आमच्याच वस्तीत दिलेली. तिचे यजमान हंगामात गंगाखेडच्या साखर कारखान्याकडे जातात, हंगाम संपला की घरी. वर्षभर टिकणारं काम एकच, मावशीचं. ती गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिच्या शेजारी काकू राहते. काकू आमच्या नात्यातली नाही, पण सगळी वस्ती तिला काकूच म्हणते. एकटी आहे. जन्म कापूस वेचण्यात गेला. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना घासून घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेघाच गेल्या आहेत. उलट मावशीचा अंगठा वस्तीत नावाजलेला. यंत्र कुठलंही असो, तिचा ठसा पहिल्या खेपेत उमटायचा. वस्तीतल्या चार बायांची सिमकार्डं मावशीच्या अंगठ्यावर निघालेली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. साखर संपली की वाटीभर मागावी, तसा अंगठा मागायचा.

काकूला खोकला सुटेना, अंगात ताप राहू लागला. थुंकी तपासली, टीबी निघाला. मावशी तिला घेऊन माझ्या खिडकीशी आली. डॉक्टरांनी लिहिलेला कागद हातात होता, पण ठसा लागल्याशिवाय नोंद उघडत नव्हती आणि नोंद उघडल्याशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या. फोनवर येणारा आकडा चालला असता, पण काकूकडे फोन नव्हता. डोळ्यांवरून ओळखणारं यंत्र येणार होतं, ते आलंच नव्हतं. काकूची दहाही बोटं लावून झाली. दहाही वेळा लाल दिवा.

"घासून गेलाय माय त्यो," काकू म्हणाली. "पायाचा लावू का?"

मागून एक जण ओरडला, "ताई, आवरा की. आमी काय जत्रंला आलाव का?"

मावशी म्हणाली, "माझा घे की गं. चार जणींचे फोन चालायलेत माझ्या अंगठ्यावर, हिच्या गोळ्या चालंनात व्हय?"

काकू भिंतीला टेकून खोकत होती. मी मावशीचा अंगठा घेतला. मावशीच्या नावाची नोंद उघडली, तीत क्षयरोग लिहिला, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या. बाजूच्या कागदी वहीत मी पेनाने टिपून ठेवलं, "गोळ्या शेजारणीसाठी, शेजारणीचा ठसा येत नाही." मला वाटलं, झालं. नंतर बघू. आमच्याकडे अडलेलं काम असंच होतं. आधी माणसाचं निभावून न्यायचं, कागदाचं नंतर.

सहा महिने मावशी दर महिन्याला काकूला घेऊन आली, अंगठा लावला, गोळ्या नेल्या. काकू खडखडीत बरी झाली. तेवढ्या काळात दवाखान्यातल्या रुग्णांच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या, कारण आता सगळं साखळीवर होतं. माझी ती टीपही त्यांच्याबरोबर गेली.

मग एका सकाळी मावशी शाळेत गेली तर चुलीपाशी दुसरीच बाई बसलेली.

शाळा समितीचे अध्यक्ष ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मावशीने मला नंतर सांगितलं, त्यांनी तिला चहा विचारला. असा चहा त्यांनी तिला कधी विचारला नव्हता. म्हणाले, "बाई, तुमच्याविषयी आमचं काही म्हणणं न्हाई. तुमी तब्येतीला जपा. रोग साथीचा हाय, लेकरांच्या जिवाचा सवाल हाय."

"कंचा रोग?" मावशीने विचारलं.

"आता आमच्या तोंडून कशाला वदवता? दवाखान्यात नोंद हाय की."

माझा राग कुठून येतो हे नीट कळावं, म्हणून एक मागची गोष्ट सांगते. मावशी या कामावर लागली तेव्हा गावातली काही मुलं घरून डबे आणायला लागली होती. आम्ही बौद्ध आहोत, हे कुणी तोंडाने बोललं नाही. म्हणायचे, "हिच्या हाताला चव न्हाई." बाबांनी पत्रक काढलं, "चव की जात?" त्यावेळचे मुख्याध्यापक चांगले होते. ते स्वतः मुलांच्या पंगतीत बसून मावशीच्या हातची खिचडी खायला लागले. महिन्याभरात डबे कमी झाले. ज्यांना तेव्हा चव लागत नव्हती, त्यांना आता शास्त्र सापडलं होतं. आणि ते त्यांच्या हातात माझ्या नोंदीने दिलं होतं.

मी तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सगळं सांगितलं. अंगठा, काकू, वही, रद्दी, सगळं. माणूस वाईट नव्हता. त्याने डोक्याला हात लावला.

"खोडता तर येत नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते. जुनीही राहते, नवीही राहते. तिच्यावर माझी सही लागेल."

"मग करा सही."

"सही कायमची राहते ना. उद्या कुणी विचारलं, तुझ्या दवाखान्यात सहा महिने दुसरीच्या नावावर गोळ्या जात होत्या, तू काय करत होतास? कागद असता तर..." 

कागद असता तर काय, हे मला ठाऊक होतं. खरवडला असता. हीच माणसं आमच्या आयांच्या वेळा बिनदिक्कत खरवडत होती. आता खरवडता येत नाही, म्हणून त्यांनी खरं लिहायचंच सोडलं होतं. नोंद पुसली जात नाही याची भीती चुकीचं लिहिताना कुणाला वाटली नाही. दुरुस्त करताना वाटली.

मी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. मावशीची नोंद बाहेर कशी गेली, विचारलं.

"बाहेर जाऊच शकत नाही, मॅडम," तो म्हणाला. "आपली सिस्टीम कुणी फोडलेली नाही. नोंद कुणी उघडली तेही साखळीत राहतं. तुम्ही स्वतः बघा ना."

मी बघितलं. मावशीची नोंद आदल्या आठवड्यात दुपारच्या वेळी एकदा उघडली होती. उघडणारीचं नाव माझं होतं.

त्या दुपारी मी रजेवर होते. एका अर्जासाठी गंगाखेडला गेले होते. पण आमच्या खिडकीवर तिघांत मिळून एकच संगणक होता, आणि दर वेळी नवीन लॉगिन करायला उशीर लागतो म्हणून आम्ही तिघंही माझंच वापरत होतो. पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवला होता. लिहिलाही मीच होता. अक्षर चांगलं म्हणून.

पलीकडच्या खुर्चीवरचा कारकून शाळा समितीच्या अध्यक्षांचा सोयरा लागतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने खालीच बघत विचारलं, "काय ताई?"

"त्या दिवशी माझ्या नावानं कोण बसलं होतं?"

"मला काय ठावं. साखळी काय म्हणायलीय?"

"मी रजेवर होते. मस्टर बघा."

"मस्टर वहीत हाय," तो म्हणाला आणि आता त्याने वर बघितलं. "वहीत कुनी बी काय बी लिहितं. तुमीच तर छापलं होतं, ताई, वही खरवडता येती म्हणून. भितीवर हाय की अजून."

भिंतीवर माझं पत्रक खरंच होतं. मी ते ओरबाडून काढलं. अर्धं निघालं. डिंक चांगला लावला होता मी.

नोंदींचं रक्षण म्हणजे काय, याचा त्या दिवसापासून मी विचार करते आहे. कोट्यवधी आकडे मोडावे लागतील अशा कुलपात त्यांनी मावशीचं नाव ठेवलं आणि किल्ली पुठ्ठ्यावर लिहायची पाळी आमच्यावर आणली, कारण तीन माणसांना तीन संगणक द्यायला कुणी तयार नव्हतं. खिडकीवर आम्ही रुग्णाला मोठ्याने विचारायचो, "कशाचं दुखणं?" आणि अख्खी रांग ऐकायची. गोळ्यांच्या खिडकीवर टीबीवाल्यांची रांगच वेगळी लावायचे, लांबून दिसेल अशी. याबद्दल त्या फळ्यावरच्या चौकोनांत एक अक्षर नव्हतं. चोर दूर कुठे तरी संगणकापुढे बसलेला असतो असं त्यांनी धरलं होतं. आमचा चोर शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खातो.

संध्याकाळी मी बाबांच्या दुकानात पत्रक लिहायला बसले. मथळा मोठ्या अक्षरात घातला, "मावशीला टीबी नाही". तेवढ्यात मावशी आली. तिला वाचता येत नाही. "काय लिहायलीस, वाच," म्हणाली. मी वाचलं.

"मंग कुनाला हाय, ते बी छापशील?"

 बाबा चाकाच्या तारा आवळत होते, त्यांचा हात थांबला.

"हिच्याकडं नसंल तर तिच्याकडं हाय, येवढं कळतंय लोकान्ला. तिला उद्या वेचणीला कोन बोलवील?" मावशी टायरावर बसली. "आन् मला एक सांग. असता मला टीबी तर? सहा महिने गोळ्या खाऊन बरी झाले असते तर? तव्हा पळी माझ्या हातात द्यायची नव्हती का? तुझ्या त्या कागदावर तर असंच लिहिलंय."

मी स्वतःला फार शहाणी समजत होते. डब्यांच्या वेळी बाबांनी "आमच्या हाताला चव आहे" असं लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, चव की जात? मी मात्र घाबरून विटाळाची भाषा मान्य केली होती आणि मावशी कशी शुद्ध आहे ते सांगायला निघाले होते. तो कागद मी फाडला. फाडताना बाबा म्हणाले, "पाठीमागची बाजू कोरी हाय, ती ठिव."

दुरुस्तीचा फॉर्म मी गाजावाजा न करता भरून टाकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी उघडला तर त्यात एक रकाना सक्तीचा होता, "मूळ रुग्णाचे नाव". तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. एका बाईला सोडवायचं तर दुसरीला पकडून द्यायचं, असा तो फॉर्म बनवला होता. बनवणाऱ्याने त्यात काही वाईट पाहिलंही नसेल. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

काकूला हे मी सांगितलं नाही. मावशीनेही सांगितलं नाही. तरी तिला कळलं. वस्तीत भिंती एकमेकींना चिकटलेल्या आहेत. मावशीच्या कामाचं ठरवायला समितीची बैठक होती, त्या दिवशी मी आणि मावशी शाळेत पोचलो, तर काकू आधीच ओसरीच्या पायरीवर बसलेली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

अध्यक्ष बोलायला लागले, लेकरांचा जीव, साथीचा रोग. काकू बसल्या जागेवरून म्हणाली, "अध्यक्ष, तुमच्या रानातला कापूस मी यंदा येचला का न्हाई?"

"येचला की. त्याचं काय इथं?"

"तुमच्या घरचा चहा पिले. तुमच्या मालकिणीसंगं जेवाया बसले बांधावर. टीबी मला होता. हिला न्हाई. अंगठा हिचा, रोग माझा. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. कुनाला झाला तुमच्या घरात?"

 मागे एक बाई पदर तोंडाला लावून हसली.

"आता हाकला," काकू म्हणाली. "पर ज्याचा रोग त्याला हाकला. आन् म्होरच्या वर्षी कापूस तुमी येचा."

अध्यक्षांनी घसा साफ केला. मुख्याध्यापकांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "तोंडी काय चालत न्हाई. लेखी आणा."

मी त्याच दिवशी फॉर्म भरला. मूळ रुग्णाच्या रकान्यात काकूने सांगितलं म्हणून काकूचं नाव घातलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ठसा मी घेतला. चूक माझी. पासवर्ड पुठ्ठ्यावर होता, तो मी लिहिला. नोंद माझ्या नावाने दुसऱ्याने उघडली." हे वाचल्यावर डॉक्टरांना सही करायला हरकत उरली नाही, कारण सगळी चूक माझ्याकडे आली होती. सोमवारपासून येऊ नका, असा निरोप मला कारकुनानेच दिला. फार अदबीने दिला.

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर शेवटी यंत्राने मूळ रुग्णाचा ठसा मागितला.

काकूने अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. दहाही बोटं, लाल दिवा. टीबी मला होता असं तिने सगळ्या गावासमोर सांगितलं, पण यंत्राच्या लेखी ती कुणीच नव्हती. दुरुस्ती तिथेच अडकली. अजून अडकलेली आहे.

डॉक्टरांनी मग एका साध्या कागदावर दाखला लिहिला, मावशीची थुंकी तपासून, निळा शिक्का मारून. मावशी पुन्हा चुलीपाशी बसली. पण समितीने अट घातली आहे की दुरुस्ती ऑनलाइन होईपर्यंत असा दाखला दर महिन्याला नवा आणायचा. न आणला तर दुसरी बाई तयारच आहे. दर महिन्याला मावशी एसटीने जाते, पहिल्या महिन्यात काकूला ज्या रांगेत उभं केलं होतं त्याच रांगेत उभी राहते आणि आपल्याला जो रोग झाला नाही तो नसल्याचा कागद घेऊन येते.

कुणी तरी सांगितलं की बोटं घासायची थांबली की रेघा परत येतात. तेव्हापासून मावशी रोज काकूच्या अंगठ्याला खोबरेल तेल लावायची. काकू दोन महिने भांड्यांना राख लावत नव्हती, फडक्याने पुसायची. मी तिला तीनदा त्या खिडकीवर नेलं. तिसऱ्या वेळी यंत्र जरा थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग लाल झालं. काकू म्हणाली, "येतंय माय, येतंय. रेघ दिसायलीय." खरंच एक बारीक रेघ दिसत होती.

आणि मग बोंडं फुटली.

अध्यक्षांच्या रानातून काकूला बोलावणं आलं. बोलावणं आलं याचा आनंद आम्हाला लपवता आला नाही, आणि त्याच वेळी आम्ही तिघी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. आठ दिवस वेचलं की ती रेघ जाणार. न वेचावं तर वर्षभर खायचं काय?

काकू मावशीला म्हणाली, "तू म्हणशील तर न्हाई जात."

मावशीने तेलाची बाटली फळीवर ठेवून दिली. "जा तू. दाखला काय, आनीन मी दर महिन्याला."

मी उठले. घरी येऊन तो फाडलेला कागद काढला, बाबांनी जपून ठेवलेला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहायला सुरुवात केली.